वाट माहीत असलेला माणूस

२४ डिसेंबर १९२७ रोजी मुंबईहून 'पद्मावती' नावाची बोट निघाली. महाडच्या सत्याग्रह परिषदेला जाणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिच्यावर होते. मुंबईकरांना त्या काळी धरमतर हे जवळचं बंदर. बोटीने धरमतरला उतरायचं आणि पुढे मोटारीने महाड गाठायचं, ही रुळलेली वाट होती. बाबासाहेबांनी ती सोडली आणि दासगावची लांबची वाट धरली. त्याचं कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला असता, तर धरमतरहून महाडपर्यंत पायी जाणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. दासगाव ते महाड ही पाच मैलांची चाल मात्र जमण्यासारखी होती.

जवळची वाट प्रत्येकासाठी जवळची नसते. ज्याची कुठेच अडवणूक होत नाही, तो सरळ धरमतरला उतरतो. ज्याची होणार आहे, त्याला निघण्यापूर्वीच ठाऊक असावं लागतं की अडवणूक कुठे होईल आणि झाली तर पुढे कसं जायचं. हे ज्ञान वेळापत्रकात छापलेलं नसतं. आधी अडवला गेलेला माणूसच ते देऊ शकतो.

हे प्रकरण त्या ज्ञानाविषयी आहे. घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, अशा घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी विद्यापीठापर्यंत कशी पोचते? शिष्यवृत्ती लागते, गुण लागतात, इंग्रजी लागतं, हे सगळे सांगतात. पण या सगळ्याच्या आधी लागतो तो वाट माहीत असलेला माणूस. तो आपल्यासारख्याच घरातला आणि दोन-चार वर्षांपूर्वीच त्या वाटेने गेलेला असेल, तर त्याच्या शब्दाला वेगळं वजन येतं. विद्यार्थी त्याला साधेपणाने 'सिनियर' म्हणतात.

घरातून मिळणारी वाट

रायगड जिल्ह्यातल्या रोह्याचं एक नाव देशभर माहीत आहे : चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. १८९६ साली रायगडाजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. १९१२च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान, आणि १९१८ साली लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, स्वातंत्र्यानंतर अर्थमंत्री आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष.

देशमुखांची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. त्यांचे वडील वकील होते, हेही लक्षात घ्यायला हवं. परीक्षा, इंग्रजी कागद, विद्यापीठ, शिष्यवृत्ती हे शब्द अशा घरात रोजच्या बोलण्यातले असतात. कुठली परीक्षा कशासाठी द्यायची, हे विचारायला मुलाला घराबाहेर जावं लागत नाही. घरातून मिळणारी ही वाट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्याला ती मिळते, त्यालाही आपल्याला काही मिळालं आहे हे जाणवत नाही.

बाबासाहेबांना ती घरातून मिळणं शक्य नव्हतं. ती माणसांकडून मिळाली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. केळुसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाचे पैसे संपत आले, तेव्हा त्यांनीच या विद्यार्थ्याची महाराज सयाजीराव गायकवाडांशी गाठ घालून दिली. १९१३मध्ये बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे वसतिगृहातला सोबती म्हणून नवल भथेना हे पारशी मित्र भेटले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. लंडनचं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब १९२०मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा भथेनांनी कर्ज दिलं आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदत केली.

यात तीन वेगळ्या भूमिका दिसतात. केळुसकर हे दार कुठे आहे ते सांगणारे. सयाजीराव आणि शाहू महाराज हे दार उघडणारे. भथेना हे बरोबर चालणारे. आज आपण मधल्या भूमिकेविषयी, म्हणजे पैशाविषयी सर्वाधिक बोलतो. पण केळुसकर नसते, तर सयाजीरावांची शिष्यवृत्ती त्या विद्यार्थ्यापर्यंत पोचली असती का?

बाबासाहेबांनी ही साखळी आपल्यापाशी थांबू दिली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, ऑक्टोबर १९४२मध्ये त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या तक्रारींचं एक सविस्तर निवेदन ठेवलं. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी विद्यार्थी परदेशी पाठवायला निधी द्या, ही त्यातली एक मागणी होती. पुढे सरकारी मदतीवर अनुसूचित जातींतले काही विद्यार्थी इंग्लंडला गेले. वर पोचलेल्याने मागे वळून हात देणं, ही रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे.

जागा आहेत, पण

आज शिष्यवृत्त्या कमी आहेत म्हणून मुलं जात नाहीत, हे अर्धंच खरं आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५पासून चालू आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या या योजनेत दरवर्षी १२५ जागा असतात. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी, तर ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना दरवर्षी ७५ जागा देते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट निधी आजही परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. ब्रिटनची चेव्हनिंग, युरोपची इरॅस्मस मुंडुस या आणखी वेगळ्या.

आदिवासी मंत्रालयाचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात २० जागा असतात आणि त्यातल्या ३ देशभरातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी राखलेल्या असतात. महाराष्ट्रात असे समूह तीन : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकऱ्यांची मोठी वस्ती रायगड जिल्ह्यात आहे. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरउतारांवरच्या वाड्यांमध्ये त्यांची घरं आहेत.

धरमतरच्या खाडीत कोळसा आणि लोहखनिज घेऊन बार्ज येतात आणि त्यावर डोलवीचा पोलाद कारखाना चालतो. जगभरचा माल आंबा नदीच्या मुखातून आत येतो. त्याच खाडीपासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या कातकरी मुलीसारख्यांसाठी दिल्लीत जागा राखलेल्या आहेत, ही बातमी मात्र तिच्या वाडीपर्यंत येत नाही.

बातमी पोचली, तरी वाट सरळ नाही. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या घराच्या नावावर कधी जमीन नव्हती आणि ज्याचे आजोबा शाळेत गेले नाहीत, त्या घराने हा कागद आणायचा कुठून? दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततं. मुलांची शाळा मध्येच तुटते. त्यातून जी मुलं आश्रमशाळेत राहून दहावी-बारावी करतात आणि पेणच्या किंवा रोह्याच्या कॉलेजातून पदवी घेतात, त्यांनी आधीच मोठी मजल मारलेली असते. पुढची वाट मात्र त्यांना कुणी दाखवलेली नसते.

अडतं कुठे

परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला वर्ष ते दीड वर्ष लागतं, हे पहिलं गुपित. पुढच्या सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील, तर तयारी आदल्या उन्हाळ्यातच करावी लागते. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि शरद ऋतूत बंद होतात. इरॅस्मस मुंडुसच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत जातात. आपल्याकडे पदवीचा निकाल हातात आल्यावर 'आता पुढे काय' हा विचार सुरू होतो. तोपर्यंत ते वर्ष गेलेलं असतं.

दुसरी अडचण अटींच्या बारकाव्यांची. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. हे वाचून 'आपल्याला नोकरी कुठे आहे' म्हणून मुलं तिथेच थांबतात. स्वयंसेवी कामही त्यात मोजता येतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. आश्रमशाळेत शिकवलेले तास आणि संस्थेसोबत वाड्यांवर केलेलं काम हाही अनुभवच असतो. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२च्या नियमांनी भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्याला आपल्या समाजाच्या इतिहासावर परदेशात अभ्यास करायचा आहे, त्याला ती वाट बंद आहे. त्याने दुसरी शिष्यवृत्ती धरायला हवी. हे न कळल्यामुळे कुणाचं अख्खं वर्ष वाया जाऊ नये.

तिसरी अडचण पैशांच्या क्रमाची. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फीच हजारोंच्या घरात आहे. विद्यापीठाची अर्ज-फी वेगळी, पासपोर्ट वेगळा, मुंबई विद्यापीठातून काढायच्या ट्रान्सक्रिप्टचा खर्च वेगळा. शिष्यवृत्ती मिळाली, तर पुढे सगळं मिळेल. पण हे पैसे त्याआधीच खिशातून जातात. विद्यापीठ जागा राखायला अनामत मागतं आणि सरकारी शिष्यवृत्तीची यादी कित्येकदा त्यानंतर लागते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत, हे ऐकून अनेकांच्या आशा वाढतात. मग कळतं, की व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चापोटी ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. इरॅस्मस मुंडुसची शिष्यवृत्ती मात्र शिकवणी फी भरते आणि दरमहा १,४०० युरो देते, आणि शिक्षण दोन किंवा अधिक देशांत होतं. कुठल्या योजनेत पैसे कधी हातात येतात, हे ज्याला माहीत आहे तो त्याप्रमाणे यादी आखतो. अर्ज-फी माफ करून मागता येते, हेही बहुधा सिनियरच सांगतो. विद्यापीठाला एक नीट ईमेल लिहिला, की अनेक ठिकाणी ती माफ होते.

या अंधारात शहराशहरांतून कन्सल्टन्सीचे फलक लागलेले दिसतात. अनेक एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. त्यामुळे कमिशन देणाऱ्या विद्यापीठांकडेच विद्यार्थी वळवला जाण्याचा धोका असतो. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या गरीब मुलासाठी तिथे कुणाला फारसा वेळ नसतो.

नैरोबी आणि हरारे

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. १९५९ साली केनिया अजून ब्रिटिश वसाहत होती आणि तिथल्या आफ्रिकी तरुणांना उच्च शिक्षणाची संधी फारच तुटपुंजी होती. कामगार नेते टॉम म्बोया यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांकडून जागा आणि शिष्यवृत्त्या मिळवल्या. विमानाच्या भाड्यासाठी लोकांकडून निधी उभा राहिला, आणि सप्टेंबर १९५९मध्ये ८१ विद्यार्थ्यांना घेऊन पहिलं विमान न्यूयॉर्कला उतरलं. १९६३पर्यंत पूर्व आफ्रिकेतले जवळपास ८०० विद्यार्थी या वाटेने गेले. त्यातलीच एक वांगारी माथाई. १९६०मध्ये ती कॅन्ससच्या एका छोट्या कॉलेजात जीवशास्त्र शिकायला गेली, परतल्यावर तिने ग्रीन बेल्ट चळवळ उभारली आणि २००४ साली तिला शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. विमानभर विद्यार्थी एकत्र गेले, म्हणून परक्या देशात त्यांना एकमेकांचा आधार होता.

म्बोयांचा उपक्रम एका मोठ्या नेत्याच्या बळावर चालला. चार दशकांनी झिम्बाब्वेमध्ये तेच काम रोजच्या सवयीत बसवलं गेलं. हरारेत रेबेका झीगलर मानो यांनी १९९९मध्ये गरीब पण हुशार विद्यार्थ्यांसाठी 'यूसॅप' हा उपक्रम सुरू केला. निवडलेली मुलं एका गटात बसून अमेरिकी विद्यापीठांचे अर्ज तयार करतात, परीक्षांची तयारी एकत्र करतात, एकमेकांचे निबंध वाचतात. आधी गेलेले पुढच्यांना सांभाळतात. या गटातल्या मुलामुलींनी नामवंत विद्यापीठं गाठली. अशा तुकडीत 'मी एकटाच वेडं स्वप्न पाहतोय' ही भावना आधी जाते, आणि पुष्कळदा अर्ज भरायला तेवढंच पुरतं.

यवतमाळ आणि वर्धा

महाराष्ट्रात असंच काम विदर्भातून उभं राहिलं. राजू केंद्रे हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील पिंप्री खंदारे गावचे, भटक्या जमातीतल्या शेतकरी कुटुंबातले आणि घरातले पहिले पदवीधर. शिक्षणासाठी ते पुण्यात आले. पण वसतिगृह मिळालं नाही, शहर परवडलं नाही, आणि त्यांना परतावं लागलं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी, मेळघाटातलं काम आणि टाटा समाजविज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण, असा त्यांचा प्रवास झाला. २०१७मध्ये यवतमाळला त्यांनी एकलव्य हा उपक्रम सुरू केला. २०२१मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या एसओएएस विद्यापीठात गेले.

एकलव्यचा भर पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्यांवर आहे. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, शेतकरी-शेतमजुरांची मुलं कार्यशाळांना येतात. आधी देशातल्या चांगल्या विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी होते, आणि आता परदेशी शिक्षणासाठीही वेगळा कार्यक्रम आहे. गेलेली मुलं येणाऱ्यांना मार्गदर्शन करतात. वर्ध्यात अनूप कुमार यांनी सुरू केलेली नालंदा अकादमीही याच दिशेची. वंचित समाजातल्या मुलांना एकत्र राहून केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची तयारी तिथे करता येते. यवतमाळ आणि वर्धा ही पुण्या-मुंबईपासून दूरची गावं. वाट दाखवायला महानगरातच असावं लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

एक निबंध जवळून

हे मार्गदर्शन चालतं कसं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, पेण तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी समाजकार्याची पदवी घेऊन दोन वर्षं वाड्यांवर काम करते आहे. तिने अर्जासाठीचा 'एसओपी', म्हणजे आपल्याला काय आणि का शिकायचं आहे ते सांगणारा निबंध, लिहिला आणि परदेशात शिकणाऱ्या सिनियरला पाठवला. सुरुवात अशी : मी अत्यंत गरीब कुटुंबातून आले आहे, मला लहानपणापासून शिक्षणाची आवड आहे, मला समाजाची सेवा करायची आहे. संध्याकाळी फोन येतो.

"भट्टीवर तू स्वतः काय करायचीस गं?"

"कच्च्या विटा उलटायचे, ताई. आणि आईला मुकादमाची वही वाचून दाखवायचे."

"वहीत काय असायचं?"

"उचल किती घेतली, आठवड्याला किती कापली. आईला वाचता येत नव्हतं ना. मग शेजारच्या खोपीतल्या बायकापण आपापल्या वह्या घेऊन यायच्या. एकीची कापणी दोनदा लिहिली होती. मी मुकादमाला सांगितलं, त्याने खोडलं."

"हे लिहिलं का नाहीस?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे, ताई?"

इथे कोणत्याही पुस्तकात न सापडणारी गोष्ट घडते. चेव्हनिंगच्या अर्जात नेतृत्वाविषयी लिहायचं असतं. ते वाचून मुलीला वाटतं, नेतृत्व म्हणजे कॉलेजची जीएस होणं. वाचणाऱ्या समितीला मात्र, तेराव्या-चौदाव्या वर्षी हिशेबाची चूक पकडणारी आणि ती दुरुस्त करायला लावणारी मुलगी वेगळी दिसते. 'मी गरीब आहे' या वाक्याने तिच्याविषयी काहीच कळत नाही. त्या वहीने सगळं कळतं. पुढच्या मसुद्यात ती उचल, कर्ज आणि हंगामी स्थलांतर यांचा अभ्यास का करायचा आहे ते लिहिते, आणि त्या विषयावर काम करणारे अध्यापक कुठल्या विद्यापीठात आहेत ते शोधते. सिनियर तिला एक वाक्यही लिहून देत नाही, फक्त विचारत राहते. चौथ्या-पाचव्या मसुद्यात इंग्रजी सुधारतं, पण गोष्ट तिचीच राहते.

एखादा प्राध्यापक हे करू शकला नसता का? चांगला प्राध्यापक करेलही, आणि शिफारसपत्रासाठी तो लागतोच. पण भट्टीवर काय असतं हे माहीत असल्याशिवाय तो प्रश्न सुचत नाही. आणि सरांपुढे ती मुलगी 'खोपी' हा शब्दही उच्चारायला लाजली असती. सिनियरचं बळ इथे आहे. भरती-ओहोटीने गाळ दरवर्षी जागा बदलतो, म्हणून खाडीतून होडी नेणारा तांडेल जुन्या नकाशापेक्षा काल खाडीतून आलेल्या माणसाला आधी विचारतो. शिष्यवृत्त्यांच्या अटीही अशाच दरवर्षी बदलतात.

तिथे पोचल्यावर

प्रवेश मिळाला, की काम संपलं असं वाटतं. खरं तर सिनियरची सर्वाधिक गरज पुढच्या सहा महिन्यांत लागते. खोलीसाठी अनामत किती द्यायची, पहिला हप्ता यायला उशीर झाला तर विद्यापीठाच्या अडचण-निधीतून मदत कशी मागायची, वर्गात प्राध्यापकांना नावाने हाक मारायची आणि त्यांच्या मताच्या विरुद्ध बोलायचं, हे सगळं नवं असतं. मागे घर आहे, घरी आजारपण आहे, आणि 'इकडे मी वाचनालयात बसलोय' याची टोचणी आहे. तिथल्या भारतीय मंडळींत आडनावावरून जात चाचपली जाते, असाही अनुभव येतो. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल शहराने जातीय भेदभावावर कायद्याने बंदी घातली, यावरून हा प्रश्न तिथवर पोचल्याचं दिसतं. अशा वेळी फोन उचलणारं, मराठीत बोलणारं आणि 'मलाही असंच झालं होतं' म्हणणारं कुणी हवं असतं.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सिनियर पैसे उभे करू शकत नाही. इंग्लंडमधला एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम राहण्यासह तीस लाखांच्या पुढे सहज जातो, आणि तो भार सरकारनेच उचलायला हवा. शिष्यवृत्तीची यादी वेळेवर लावणं हे सरकारचं काम आहे. ते स्वयंसेवकांच्या माथी मारता येत नाही. आणि पाचवीतच शाळा सुटलेल्या मुलाला एसओपीचा काही उपयोग नाही. भट्टीच्या हंगामात मुलं गावीच राहून शिकतील अशी वसतिगृहं, चांगल्या आश्रमशाळा, वेळेवर मिळणारे दाखले हा पाया आहे. सिनियरचं काम त्याच्या वरचं.

तरीही ते काम करायला हवं, कारण एक विद्यार्थी गेला की त्याच्यामागे असणाऱ्यांच्या मनातला अंदाज बदलतो. 'आपल्यातलं कुणी गेलंय' हे कळणं म्हणजे अर्धी तयारी. पहिला जाणारा एकटा झगडतो. दुसऱ्याला तो पहिला मिळतो. पाचव्याला चौघे मिळतात. सरकारी योजनेत ही वाढ आपोआप होत नाही. ती माणसांकडून माणसांकडेच जाते.

पेण आणि रोह्यात

इथे हे उभं करायला नवं काही बांधावं लागत नाही. आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय पेणमध्येच आहे आणि आश्रमशाळा व वसतिगृहं त्याच्याच अखत्यारीत येतात. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, रोह्याला चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं महाविद्यालय आहे. दिवा-रोहा गाडीने रोज मुंबईकडे शिकायला जाणारी मुलं आहेत. याच जिल्ह्यातून परदेशी शिकायला गेलेले किंवा परत आलेले विद्यार्थीही आहेत. ते कुठे आहेत, याची एक यादी हवी.

त्या यादीतल्या प्रत्येकाने वर्षाला दोन मुलांना हाताशी धरलं, तरी सुरुवात होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच मुलांची निवड करावी. शिष्यवृत्त्यांच्या तारखांचं मराठी वेळापत्रक वसतिगृहाच्या भिंतीवर लावावं. जातीचा दाखला आणि पडताळणी पदवी संपायच्या आत पुरी व्हावी, यासाठी प्रकल्प कार्यालयात एक दिवस ठरवावा. आयईएलटीएसच्या फीसाठी छोटा परतफेडीचा निधी ठेवावा. गेलेला विद्यार्थी पहिल्या पगारातून तो पुढच्यासाठी भरेल. आणि एसओपीचे मसुदे एकमेकांना वाचायला द्यावेत, म्हणजे लाज कमी होईल आणि लिहिणं सुधारेल.

याची सुरुवात कधी करायची, हे या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात. म्हणून पावसाळा संपता संपता, कुटुंबं भट्टीकडे निघण्याआधी, प्रत्येक वाडीवर जाऊन एवढंच सांगावं : दिल्लीत ज्या तीन जागा तुमच्यासारख्यांसाठी राखलेल्या आहेत, त्यांचा अर्ज भरायला आम्ही तुमच्या मुलीसोबत बसू. तिचा मार्कशीटचा कागद जपून ठेवा आणि तिचं शिक्षण अर्ध्यावर सोडू नका.